सात हिरव्या पुड्या

चार वाजता चिन-श्वेईचा फोन यायचा होता आणि श्यु-ल्वानच्या लॅपटॉपवरचं वायफाय सकाळपासून पाच वेळा गेलं होतं. चिन-श्वेई तिचा नवरा; मासेमारीच्या बोटीवर, दूरच्या समुद्रात. काओश्युंगच्या बंदरातून निघाला त्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. नंतरचे तीन रविवार तो पडद्यावर दिसे, "हे बघ, माझंच..." म्हणे, आणि चित्र गोठे. गेल्या खेपेला त्याचा निरोप आला, 'रागानं फोन बंद करतेस, कळतंय मला.' आजच बोलणं व्हायला हवं होतं; उद्या बोट आणखी दक्षिणेला जाणार होती. मग दोन महिने फोन नाही.

म्हणून तिनं युए-ओताईंना बोलावलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुरुस्तीचं दुकान. साठीच्या, बुटक्या, चपला फटक फटक वाजवत येणाऱ्या. बावीस वर्षं एका कारखान्यात त्यांनी फक्त बिनतारी लहरी मोजल्या होत्या, आणि त्या कामाचं कौतुक कुणी कधी केलं नव्हतं.

आता त्या लॅपटॉप उघडणार, असं श्यु-ल्वानला वाटलं. पण पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर बाहेर आलाच नाही. तान्ह्या पोरासारखा लॅपटॉप कडेवर घेऊन बाई घरभर हिंडू लागल्या. स्वयंपाकघरात वायफाय तुटलं. त्यांनी श्यु-ल्वानचा मोबाइल तिथंच धरला, तर त्याचंही तुटलं.

"मग हा बिचारा उगाच शिव्या खातोय," त्या लॅपटॉपला थोपटत म्हणाल्या. "दोघांना एकाच जागी त्रास होतोय. दुखणं घरात आहे."

पावलागणिक त्या थबकत, पडद्यावरचा सिग्नलचा आकडा बघत, दिशा बदलत. हवेत काही म्हणजे काही दिसत नव्हतं, पण या बाईला तिथली वाट पाठ होती. श्यु-ल्वान मागोमाग चालली. रोज भाजीवाल्याशी घासाघीस करताना दिसते, तीच का ही बाई?

बैठकीतल्या फडताळापाशी ताई थांबल्या. त्यावरचा राउटर दिसतच नव्हता. चारी बाजूंनी आणि डोक्यावर नारळाच्या चवीच्या कुरकुरीत खाऊच्या हिरव्या पुड्या. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून या देशात दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे यंत्राशेजारी ठेवतात त्याच; पुडी हिरवीच हवी आणि तारीख न उलटलेली, नाहीतर यंत्र रुसतं म्हणे.

"किती गं या?"

"सात. तुटलं की एक वाढवते. हिरव्याच आहेत हं ताई, आणि तारखासुद्धा बघून आणल्यात."

ताईंनी एक पुडी फोडली, मूठभर खाऊ तोंडात टाकला आणि पुडी उलटी केली. आतून लख्ख चंदेरी.

"या चकाकीला लहरी धडकतात नि माघारी फिरतात. पहिल्यांदा कशानं तुटलं, देव जाणे. पुढचं सगळं तू केलंस. चिलखत घातलंस त्याला!"

"अगं बाई! म्हणजे मीच? टाकू का सगळ्या काढून?"

"सगळ्या? वेड लागलंय का तुला? एक राहू दे, हातभर लांब. माझ्या दुकानातही आहे."

पुड्या बाजूला झाल्या तसा पडद्यावरचा आकडा झरझर चढला.

चार वाजता चिन-श्वेई दिसला. एका दमात बोलला, "तुटायच्या आत ऐक, माझंच चुकलं, तुझ्या आईला तसं बोलायला नको होतं." आणि डोळे घट्ट मिटून बसला.

श्यु-ल्वान पडद्याकडे बघत राहिली. त्याच्या मागे समुद्र वरखाली होत राहिला, एकदाही न गोठता.

त्यानं एक डोळा उघडला. "गेलीस?"

"नाही रे," ती म्हणाली. "कधीच गेले नव्हते."