मनगटावरची पकड

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी गांधीबागेच्या बाजारातून टायपिंगच्या क्लासला पायी जायची. वाटेत एका कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर मालकाचा भाचा बसलेला असायचा. आधी तो नुसता शिट्ट्या मारायचा. एके दिवशी भर गर्दीत त्यानं माझं मनगट धरलं.

"एवढ्या घाईत कुठं चालली वं?"

हमाल, गिऱ्हाईकं, शेजारचे दुकानदार, सगळे पाहत होते. दोघंतिघं हसलेही. मी हात ओढत राहिले. त्याला वाटलं तेव्हा त्यानं सोडला.

घरी आई म्हणाली, "इतवारीकडून जात जाय. फेरा पडला त पडू दे."

मला फेरा नको होता. मला त्याचं नाक फुटलेलं पाहायचं होतं.

क्लासमागच्या मैदानावर एक कारकून संध्याकाळी कराटे शिकवायचे. टायपिंगची वेळ वाढली अशी आईला थाप मारून मी नाव घातलं. सगळ्या पोरांत मी एकटी मुलगी. सहा महिने सरांनी एकच काता करून घेतली. ठरलेली पावलं, ठरलेले वार, ठरलेला श्वास. संपली की पुन्हा पहिल्यापासून. गुडघे वाकवून उभं राहिलं की मांड्या पेटायच्या. प्रत्येक ठोशाला मी हवेत त्याचं तोंड आणायची.

शेवटी चिडून म्हटलं, "सर, मले मारायचं शिकायचं हाय. ही कवायत काहून करून राहिलो आपण?"

सरांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"चौथी हालचाल कर."

मी कमरेतून वळले, तळहात फिरवला, कोपर पोटाशी आणलं. त्यांच्या अंगठ्याच्या बाजूनं हात अलगद सुटला.

"कातेत फुकटचं काहीच नाही," ते म्हणाले. "समोर माणूस हाय असं समजून कर. मंग वेळेवर हात आपसूक चालते."

"माणूस हाय सर समोर," मी म्हटलं.

मग मी सकाळीही गच्चीवर काता करू लागले. पुस्तकं छातीशी धरून वाकून चालायची सवय गेली. खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर घागर नेताना लागणारी धाप थांबली. टायपिंगनं धरलेली पाठ मोकळी झाली. हे सगळं मला एकाच कामासाठी हवं होतं.

तयारी झाल्यावर मी मुद्दाम त्या ओट्याला लागून, सावकाश जाऊ लागले. चौथ्या दिवशी त्यानं हात धरला.

तळहात फिरला. तो पुढं झुकला आणि माझं कोपर त्याच्या नाकावर बसलं. तो कापडाच्या गाठींवर कोसळला. मी सुटले होते. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी त्याचा हात पाठीमागं पिरगाळला. पांढऱ्या शर्टावर रक्त ठिबकत होतं.

"सोड बाई, सोड!"

"मले वाटीन तवा सोडीन," मी म्हटलं आणि आणखी पिरगाळला. कोणी हसलं नाही.

सरांना मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, "हात सुटल्यावरचं कोणत्या कातेत हाय?" त्यांनी महिनाभर मला मैदानावर येऊ दिलं नाही. शिक्षा पटली, पस्तावा मात्र झाला नाही. भाच्याला त्याच्या गावी, खाप्याला पाठवून दिल्याचं कानावर आलं. खाप्याची बस किती वाजता सुटते, हे मी एकदा स्टँडवर जाऊन विचारून आले.