दोनशे बारा पावलांवरची शाळा

भाऊ ती गोष्ट सांगायला लागला की माझं डोकं फिरतं. परवा पुन्हा सांगितली. त्याच्या मुलाची बदली झाली आहे आणि नव्या शहरात फ्लॅट कुठल्या भागात घ्यायचा, शाळा कुठून जवळ, ऑफिसला जायला किती वेळ लागेल, याचा घरात खल चालला होता. लगेच भावाने मान ताठ केली. "आमच्या बाबांनी मुलांच्या शाळेसाठी पावलं मोजून घर घेतलं होतं. पावलं मोजून!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भाच्याला विचारलं, "तिथे पाण्याचं काय?" तो म्हणाला, "आत्या, टँकर येतो की." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

पावलं मोजली होती हे खरंच आहे. दोनशे बारा. आमच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत. पण या गोष्टीत जे सांगितलं जात नाही तेच माझ्या वाट्याला आलं होतं, म्हणून आता मी सांगते.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बाबा सरकारी कारकून. मेहकरहून त्यांची बदली मोताळ्याच्या कचेरीत झाली. तिथल्या शाळेवर त्यांचा भरवसा नव्हता आणि नांदुऱ्याच्या हायस्कूलचा निकाल चांगला लागतो असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं. म्हणून ठरलं की बिऱ्हाड नांदुऱ्यात करायचं, आणि बाबांनी मोटारीने मोताळ्याला जायचं-यायचं. दादा, म्हणजे हाच भाऊ, दहावीत, मी आठवीत. बाबा महिनाभर रविवार-रविवार नांदुऱ्याला जाऊन घरं बघत होते. परत आले की पाटीवर आकृती काढून दाखवत, ही शाळा, हा मोटर स्टँड, हे घर. आई भाकरी थापता थापता ऐकायची. तिला एकदाही बरोबर नेलं नाही. बायकांना घर दाखवायची पद्धतच नव्हती, घरात नेऊन सोडायची होती.

शेवटी घर मिळालं. शाळेची घंटा ओसरीत ऐकू येते, मोटर स्टँड दोन गल्ल्या सोडून, आणि अंगणात विहीर, हात घातला तर पाण्याला लागेल इतकी भरलेली! आम्ही मेहकरकडची, घाटावरची माणसं; नांदुरा घाटाखाली. आमच्याकडे विहीर म्हणजे खोल, आणि पाणी म्हणजे गोडच. भरलेली विहीर बघून बाबा हरखून गेले. घरमालकाने त्यांना ओट्यावर बसवलं, पितळी तांब्यातून पाणी दिलं. बाबांनी घोट घेतला आणि घरी येऊन सांगितलं, "पानी तर असं गोड, की इचारू नका."

सामान उतरवलं त्या दिवशी आईने वरणाला डाळ टाकली. तास झाला, डाळ टणक. दोन तास झाले तरी दाणा दाताखाली कचकन फुटायचा. आईला वाटलं डाळच जुनी. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली.

"बाई, या पान्यात डाळ सात जन्म शिजत नाई. खारं पानी हाये हे. धुन्याभांड्याचं."

"मंग प्यायाचं?"

"ते लांब, गावाच्या त्या टोकाले. एकच गोडी विहीर हाये. घरमालकानं सांगतलं नाई काय?"

बाबा तडक घरमालकाकडे गेले. मी त्यांच्या मागे होते. घरमालक शांतपणे पान लावत होता. "साहेब, तुमी शाळा इचारली, म्या शाळा दाखवली. मोटर स्टँड इचारला, तो दाखवला. पान्याचं कुठी इचारलं तुमी?" बाबा म्हणाले, "मले पाजलं ते?" तो म्हणाला, "पाव्हन्याले खारं पानी देते का कोनी? ते गोड्या विहिरीचं व्हतं." आणि खरंच, घाटाखाली प्रत्येक घरात पाहुण्यांसाठी एक तांब्या वेगळा भरलेला असतो. बाबांना कुणी फसवलं नव्हतं. त्यांनी स्वतःला जे हवं तेवढंच विचारलं होतं. याचाच मला आजही जास्त राग येतो.

घर सोडायचं नाव त्यांनी काढलं नाही. महिनाभर मोजून घेतलेलं घर आठ दिवसांत सोडलं तर लोक काय म्हणतील? "पानी काय, येतच राह्यते," ते म्हणाले. येतच राहतं म्हणजे कुणीतरी आणतच राहतं. ते कुणीतरी म्हणजे मी.

शाळेत खोल्या कमी होत्या, म्हणून खालचे वर्ग सकाळी सातला भरत आणि दहावी-मॅट्रिकचे दुपारी. बाबांची मोटार साडेसातची, त्यांचा डबा करायला आई चुलीपाशी. गोड्या विहिरीत रात्रभर झिरपून जे साचेल ते सकाळी मिळायचं, दुपारी तळाशी नुसता गाळ. म्हणून अंधार फिटायच्या आत मी डोक्यावर चुंबळ, हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन गावाचं दुसरं टोक गाठायची. पुढे वीस-पंचवीस बायका. मी नवीन, घाटावरची, माझा नंबर कुणीही ढकलायचं. भांडायला मी शिकले ती त्या विहिरीवर. आणि रांगेत उभी असतानाच शाळेची घंटा ऐकू यायची. दोनशे बारा पावलांवरची घंटा मी रोज अर्ध्या कोसावरून ऐकत होते.

दादा तेव्हा झोपलेला असायचा. त्याची शाळा दुपारी होती आणि डोकं शांत राहायला हवं होतं, कारण पुढच्या वर्षी त्याचं मॅट्रिक; तेव्हा ते अकरावीला असायचं. तो उठून मी आणलेलं पाणी प्यायचा. परवा गोष्ट सांगताना त्याला यातलं काहीच आठवलं नाही. त्याला आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

पहिला तास गणिताचा. हजेरीही त्याच तासाला. उशिरा आलेल्यांना मास्तर बाहेर उभं करत आणि गैरहजेरी मांडत. दिवाळी झाली, संक्रांत आली. समीकरणं मी खिडकीच्या गजातून बघून शिकले, अर्धवट. आईला सगळं माहीत होतं. रागाच्या भरात एकदा मी तिला म्हटलं, "तू काऊन बोलत नाई?" तिने माझ्या डोक्यावरची चुंबळ काढली, नीट गुंडाळली आणि पुन्हा ठेवली. त्या क्षणी मला ती बाबांपेक्षा जास्त दुष्ट वाटली होती.

मग हेडमास्तरांनी बाबांना बोलावलं. हजेरी इतकी कमी की मुलीला परीक्षेला बसवता येणार नाही. बाबा घरी आले ते तणतणतच. टोपी खुंटीला लावली आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "शाळा उंबऱ्याले टेकली हाये, तरी तुया पोरीले पोचता येत नाई. शिकायचंच नाई तिले. उद्या नाव काढून टाकतो."

मी माझं दप्तर उचलून छातीशी धरलं.

आई उठली. कोपऱ्यातला हंडा उचलला, त्यात कळशी ठेवली, वर चुंबळ, आणि सगळं बाबांच्या पायाशी आणून ठेवलं.

"उद्यापासून पानी तुमी आना. पोरगी शायेत जाईन."

"मी? मी काऊन?"

"घर कोनं पाह्यलं?" आई म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नाही. "तुमी पाह्यलं. मंग पानी बी तुमीच आना. नाई आनलं तर चूल पेटत नाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा हंडा खांद्यावर घेऊन निघाले. बायकांच्या रांगेत सरकारी कारकून! बायकांनी पदर तोंडाला लावले, पण नंबर मात्र कुणी दिला नाही. मोटार चुकली. त्या दिवशी मी पहिल्या तासाला बाकावर बसले होते. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी गोड्या विहिरीमागे दोन खोल्या ठरवल्या. ज्या माणसाला पहिलं घर शोधायला महिना लागला त्याला दुसरं तीन दिवसांत सापडलं. या वेळी आई बरोबर गेली, विहिरीचं पाणी तिने स्वतः शेंदलं, ओंजळीने प्यायली आणि मगच हो म्हणाली. शाळा तिथून वीस मिनिटांवर, मोटर स्टँड त्याहून लांब. बाबा रोज कुरकुरत चालत गेले. मी एकदाही उशिरा पोचले नाही. हेडमास्तरांनी उरलेल्या महिन्यांची हजेरी बघून मला परीक्षेला बसू दिलं.

तीन वर्षांनी मी मॅट्रिक झाले. आमच्या गल्लीतली पहिली मुलगी. बाबांनी पेढे आणले, कचेरीतली माणसं आली, शेजारी आले. बाबा खुर्चीत रेलून सांगत होते, "पोरीच्या शाळेसाठी दोन घरं बदलली मी. पावलं मोजून घर घेतलं होतं, पावलं मोजून." लोक वा वा करत होते. माझ्या तोंडातला पेढा कडू झाला. मी उठणार होते, बोलणार होते, सगळ्यांसमोर.

तेवढ्यात आई तांब्या घेऊन बाहेर आली. तिने पाहुण्यांना पाणी दिलं नाही. ती सरळ बाबांसमोर गेली आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

"प्या," ती म्हणाली. "शाया बुडवून पोरीनं आनलेलं नाई. मी आनलं."

बाबांनी तांब्या घेतला. ते प्यायले नाहीत, खाली बघत तो हातात धरून बसून राहिले. त्यानंतर माझ्यासमोर तरी त्यांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही. भावाने ती नंतर उचलली. तो तेव्हा तिथेच, खिडकीपाशी पेढा खात उभा होता.