बिननावाच्या कागदांच्या अक्का

ग्रंथालयाच्या काउंटरवर उभं राहून "मला कुठलं पुस्तक हवंय ते मलाच माहीत नाही," असं म्हणायची हिंमत तुम्ही कधी केली आहे का? खरं सांगा. आपण पुस्तकाचं नाव पाठ करून जातो आणि नाव विसरलं तर दारातूनच परत फिरतो.

जळगावच्या आमच्या कॉलेजात ती हिंमत लागत नसे. तिथल्या ग्रंथपाल चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "नाव राहू दे. कशाला हवंय ते सांग." शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. मूळच्या धुळ्याकडच्या. रागावल्या की अहिराणी बोलत आणि लाडात आल्या तरी अहिराणीच, त्यामुळे नवा माणूस भांबावून जाई.

मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवत होतो. वडील कामगार चळवळीतले, त्यामुळे घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पिवळ्या-गुलाबी कागदांवरच मी अक्षरं ओळखायला शिकलो. म्हणून अक्कांच्या खोलीतलं मागचं कपाट पहिल्यांदा उघडलं तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं. धरणात गावं गेली तेव्हाची पत्रकं, हुंड्याविरुद्धची, शेतकी खात्याची, गिरणी बंद पडली तेव्हाची. कुणावरच लेखकाचं नाव नाही. ज्या कागदांनी या जिल्ह्यातली माणसं घराबाहेर काढून मोर्चाला नेली, त्यांना कुठल्याही सूचीत जागा नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेजात संगणक आले, तारांनी एकमेकांना जोडले गेले आणि ग्रंथालयाची वेबसाइट करायचं ठरलं. ती फक्त कॉलेजच्या आवारात दिसणार होती. तिच्यात शोधायची सोय कुठली घ्यावी हे ठरवायला समिती नेमली गेली. प्राचार्य, अक्का आणि मी. मला घेतलं, कारण मी फुकट थांबायचो.

प्रोग्राम दोन होते. पहिला देखणा, पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव टाकलं की क्षणात उत्तर. दुसरा करड्या रंगाचा, संथ, पण नोंदीत वर्णन लिहायला जागा देणारा आणि त्यातला कुठलाही शब्द धुंडाळणारा.

"पहिलाच घेऊ," प्राचार्य म्हणाले. "उद्घाटनाला पाहुणे येणार. त्यांच्यासमोर पडद्यावर शोध संपेपर्यंत ते वाळूचं घड्याळ फिरत राहिलेलं शोभेल का?" मग सहज पुढे म्हणाले, "आणि यात जे सापडत नाही ते रद्दीत काढू. संगणकांच्या टेबलांना जागा हवीच आहे."

अक्कांचा चष्मा वर गेला. "सर, कंपनीला उद्या दोन्ही परत दाखवायला सांगा. शोधणारं माणूस मी आणते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रावेरचा एक बागायतदार आणला. मुलाच्या वसतिगृहाच्या कामाला आलेला, टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेवर बसलेला. प्रोग्राम दाखवायला आलेला कंपनीचा तरुण म्हणाला, "काका, कुठलंही पुस्तक सांगा."

"पुस्तक नको, भाऊ. माह्या केयीच्या पानावर पिवये ठिपके पडून राह्यले. त्याचं काही हाये का?"

तरुणाने पहिल्या प्रोग्राममध्ये केळी टाकलं, ठिपके टाकलं. काही नाही. "काका, लेखकाचं नाव?"

"ते मले माहीत असतं तर त्याच्याच घरी गेलो नसतो का?"

प्राचार्यसुद्धा हसले. अक्कांनी कपाटातून शेतकी खात्याचं पत्रक काढून टेबलावर ठेवलं. "यामा बठ्ठं शे, सगळं आहे यात. वर नाव काय आहे? 'आवाहन'. टाका."

अक्कांच्या हट्टावरून नमुन्याला काही पत्रकं नोंदवली होती. पडदा भरून गेला. आवाहन, आवाहन, आवाहन.

"अहो अक्का, सगळीच आवाहनं?"

"मग? पत्रक काढणाऱ्याला घाई असते, सर. तो नाव शोधत बसत नाही."

मग दुसरा प्रोग्राम. घड्याळ फिरलं, फिरलं, आणि तिथेही काही सापडलं नाही. प्राचार्यांनी हात पसरले. "मग फरक काय राहिला?"

"त्याच्यात लिहायला जागाच नाही. याच्यात मी लिहू शकते." अक्का पुढे सरकल्या आणि शिक्का मारावा तशी एकेक कळ दाबत त्यांनी वर्णनात लिहिलं: केळीच्या पानावर पिवळे ठिपके दिसले तर. पुन्हा शोधलं. पत्रक आलं.

"आता समजलं याले," बागायतदार म्हणाला.

"पण एवढ्या कागदांवर लिहिणार कोण?" प्राचार्यांनी विचारलं. "तुमची निवृत्ती जवळ आली."

"म्हनीसनच सांगस, मला लिहायला टेबल लवकर लावा."

दुसरा प्रोग्राम घ्यायचं ठरलं. मात्र प्राचार्यांनी अट घातली: अक्का निवृत्त होईपर्यंत जे लिहून होईल तेवढंच राहील.

अक्का लिहायला बसल्या. मी मदतीला गेलो आणि पहिल्याच पत्रकावर ऐटीत टाइप केलं: भांडवली शोषणाविरुद्ध.

"खोड ते," अक्का म्हणाल्या. "शोषण मागायला कोण येतं रे? 'मालक बाळंतपणाची रजा देत नाही,' म्हणून येते बाई." मी वाद घातला. त्यांनी चहा मागवला आणि मी चहा पीत असताना त्यांनी स्वतःच ते खोडलं.

मुदत आली तेव्हा खालचे दोन कप्पे राहिले होते. प्राचार्यांनी ते पाहिलं आणि कपाट न हलवता टेबलं व्हरांड्यात लावायला सांगितली. अक्का धुळ्याला गेल्या. त्यानंतरचा पावसाळा सरता सरता त्या गेल्याचा निरोप आला.

परवा एक मुलगी संगणकासमोर बसली होती. तिने लिहिलं, 'शिकू देत नाहीत'. घड्याळ बराच वेळ फिरलं आणि एक पत्रक निघालं. मग तिने शिपायाकडून ते पत्रक घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि निघून गेली. आपल्या दुखण्याचं नाव तिला कुणाला सांगावं लागलं नाही.

आता प्राचार्य बदललेत. परीक्षा संपल्या की खालचे कप्पे रिकामे करायचे, असा हुकूम निघाला आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. जळगावात असाल, असोद्याला असाल, वरणगावला असाल, तर त्याआधी एका दुपारी ग्रंथालयात या. एक पत्रक उचला, शेवटपर्यंत वाचा, आणि ते कोणाच्या कुठल्या अडचणीत उपयोगी पडेल, ते एका ओळीत लिहा. टाइप करता येत नसेल तर तोंडाने सांगा, मी लिहून घेईन.