आधी काय काय लागतं

जुन्या संगणकावर एखादं सॉफ्टवेअर कंपाईल करायला घातलं की स्क्रीनवरून ओळी सरसर सरकायला लागतात आणि माणसाला काही कामच उरत नाही. उठूनही जाता येत नाही, कारण मध्येच एरर आली तर? मग चहा येतो. चहाबरोबर गप्पा येतात. असं करत करत आमच्या साकोलीच्या टोळक्याकडे सॉफ्टवेअर थोडी आणि किस्से पोत्यानं, अशी परिस्थिती झाली आहे!

टोळकं म्हणजे चौघं. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत माझा कॉम्प्युटर क्लास आहे. खाली सायकलचं दुकान, वर आम्ही. दर रविवारी तिथे जमायचं. कोंढ्याचा ईश्वर, घरचं धान सांभाळून साकोलीत मोबाईल दुरुस्ती करणारा. दिघोरीची प्रज्ञा, सरकारी ऑफिसात नोकरीला, बोलायला तिखट. आणि आम्हा तिघांना जमवणारे मेश्राम सर, शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणीही उघडून बघावा असं, हे त्यांचं वेड.

तयार सॉफ्टवेअर घेणं म्हणजे चकल्या विकत आणणं. कोड आणून आपल्याच मशीनवर कंपाईल करणं म्हणजे घरी चकल्या पाडणं. घरी करायच्या तर भाजणी लागते, सोऱ्या लागतो, कढई लागते. या आधी लागणाऱ्या गोष्टींना म्हणायचं डिपेंडन्सी. त्या सगळ्या आणि मग कृती, असं मराठीत लिहून ठेवायचं, म्हणजे आपल्या भागातल्या कोणालाही जमेल, असा सरांचा आग्रह.

"बनवणं सोपं आहे गा," सर म्हणायचे. "कसं बनवलं ते लिहिणं कठीण!"

* * *

किती कठीण, ते ईश्वरनं पहिल्याच रविवारी दाखवून दिलं. त्यानं लिहून आणलेली कृती अशी होती: कोड आणा. खोला. बनवा. झालं.

सरांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"आन आधी काय काय लागते, ते कुठं आहे बे?"

"जे लागते ते लागते, सर."

"ते कोण सांगन?"

"त्यात काय सांगाचं? असतेच ना घरी!"

तेव्हापासून कोणाच्याही कागदात काही राहून गेलं की बाकीचे एका सुरात ओरडतात, "असतेच ना घरी!"

* * *

यावर सरांनी एक नियम काढला. ज्यानं कृती लिहिली त्यानं तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचं. दुसऱ्यानं कोऱ्या मशीनवर बसून फक्त कागद वाचत ती करायची. नाहीतर काय होतं, लिहिणारा शेजारी उभा राहून "अरे ते नाही, ते दुसरं" करत सगळं तोंडीच सांगून टाकतो, आणि कागद तसाच अर्धवट राहतो.

पहिला घोट अर्थातच ईश्वरचा. मशीनवर प्रज्ञा.

"'मग नेहमीसारखं करा,'" तिनं वाचलं. "नेहमीसारखं म्हंजे कसं जी, ईश्वरभाऊ?"

ईश्वरचे गाल फुगलेले. तो हातवारे करायला लागला. आधी बोटं नाचवली, मग कोपर, मग उभाच राहिला.

प्रज्ञा शांतपणे सरांकडे वळली. "सर, कागदात नाही, पण भाऊ नाचून राहिले. हे बी स्टेपमधे घेऊ का?"

सगळं पाणी कीबोर्डवर! त्या कृतीच्या 'आधी लागणाऱ्या गोष्टीं'मध्ये शेवटची ओळ आजही आहे: जुना टॉवेल.

* * *

एकदा ईश्वर सकाळपासून एक लायब्ररी शोधत होता. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवलेला कोडचा तुकडा. कागदावर नाव बरोबर होतं, पण ती कुठे सापडेना. झालं होतं असं, की नव्या आवृत्तीत एका गठ्ठ्याचे दोन गठ्ठे केले होते आणि ती दुसऱ्यात गेली होती.

सर मागून आले. "काय बे, अर्जुनी भंडाऱ्यात शोधून राहिला का? ते गोंदियात गेली, बावा!"

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन अर्जुनी तालुका गोंदियात गेला तेव्हा ईश्वर शाळेत होता. पण लगेच समजला. या विषयावर इतकं सोपं स्पष्टीकरण मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

* * *

मग सरांनी स्वतः एक कृती लिहून आणली. मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं, त्याची. सर शेजारी तोंडात पाणी धरून बसले आणि मी वाचायला लागले.

"'प्रथम खुर्चीवर नीट बसावे.'"

आम्ही खो खो हसलो. मास्तर शेवटी मास्तर!

"'कीबोर्डवरील एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. ते बोटांनी चाचपावेत. तिथून इतर बटणे मोजत जावे.'"

प्रज्ञा हसता हसता थांबली. "सर, चाचपाचं काहून? दिसतेच ना."

सरांनी पाणी गिळलं. नियम त्यांनी तेवढा एकदाच मोडला.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, गेलेली नजर येत नाही. उरलेली किती टिकन, त्यालेही माहीत नाही. घरी शांता आहे. पेपर वाचून दे म्हटलं का देते बिचारी. पण मले कोणावर टांगून राहाचं नाही. माझं मले वाचता आलं पायजे."

आम्ही नवा संगणक घ्या म्हणालो. त्यांना तो नको होता. आपल्या जुन्या कीबोर्डला बोटं ओळखतात, म्हणाले. आणि त्या जुन्या मशीनसाठी हे सॉफ्टवेअर तयार मिळतच नव्हतं, म्हणून घरीच कंपाईल करणं भाग होतं.

सरांची नजर जायच्या आत त्यांचं मशीन बोललं पाहिजे, एवढंच तिघांच्या डोक्यात होतं.

* * *

क्लासमध्ये ती कृती पहिल्या दमात चालली. पुन्हा केली, पुन्हा चालली. आम्ही आनंदानं सरांच्या घरी गेलो आणि तिथे दुसऱ्या ओळीलाच गाडी अडली. काहीच डाऊनलोड होईना.

कागद तपासला, वायरी तपासल्या. मी तर देवाचं नाव घेऊन मशीन बंद-चालू केलं. तेवढ्यात ईश्वर तंबाखूचा खर्रा थुंकून घरात आला आणि सगळं भराभर डाऊनलोड व्हायला लागलं!

तो बाहेर गेला, थांबलं. आत आला, चाललं.

ईश्वरच्या खिशातल्या मोबाईलचं इंटरनेट पहिल्यापासून आम्ही सगळेच वापरत होतो. क्लासची मशीन आणि त्या कामासाठी बसवलेलं सरांचं मशीन, दोन्ही त्यालाच जोडलेली. त्यानंच कधीतरी जोडून दिलेली, पण कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ईश्वरच्याही नाही!

"तरीच माझा पॅक दुपारी संपून राहिला," तो म्हणाला.

यादीत प्रज्ञानं पहिली ओळ लिहिली: इंटरनेट. स्वतःचं. ईश्वरचं नाही.

* * *

पुढची अडचण ईश्वरच्या स्वभावातून आली. त्याला सगळं ताजं लागतं. कागदावर एका लायब्ररीची जुनी आवृत्ती लिहिली होती, यानं हौसेनं नवी घातली. स्क्रीन एररनं लालेलाल.

"कायले नवी घालून राहिला? ते जुनीच मांगून राहिलं ना," सर म्हणाले. तोवर त्यांना स्क्रीन धूसर दिसायला लागली होती. लाल रंग तेवढा कळला.

"सर, नवी फास्ट आहे. तिच्यात लय गोष्टी आहेत."

"असन. पण याले जुनीची सवय आहे."

"जुनीत असं काय आहे जी?"

"ते त्याले विचार!"

जुनी घातली. निमूटपणे चाललं. कागदावर ईश्वरनं तोंड पाडून लिहिलं: आवृत्ती जुनीच पाहिजे. नवी चालत नाही.

* * *

आणि एका दुपारी मशीन बोललं. सरांनी टाईप केलेलं "सर्वांना जय भीम" त्यानं जाड, पुरुषी आवाजात वाचलं. सरांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा ऐकलं.

तेवढ्यात आतून शांताकाकू चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये एक कप जास्त होता.

"पाहुणे कुठं गेले?"

"कोण पाहुणे, काकू?"

"आत्ता जय भीम म्हटलं ना कोणी. जाड आवाजाचे."

आम्ही मशीनकडे बोट दाखवलं. काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तो कप त्याच्यासमोर ठेवला. "आता हेच रोज पेपर वाचून देईन का?"

"हो. तुले सुट्टी!" सर खुशीत म्हणाले.

"बरं झालं बाप्पा," काकू म्हणाल्या आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. मला त्यांचा आवाज जरा उतरल्यासारखा वाटला. मनाला लागलं, पण त्या घडीला आम्ही सगळे मशीनच्याच कौतुकात होतो.

* * *

पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीपर्यंत सरांची नजर पुरती गेली. त्याच दिवसांत वीज आली-गेली, आली-गेली आणि मशीनचं बोलणारं सॉफ्टवेअर बंद पडलं. पुन्हा पहिल्यापासून कंपाईल करणं भाग होतं. ईश्वर कोंढ्याला धानाच्या बांधीत, चिखलात. प्रज्ञा दिघोरीला, सासरच्या रोवणीत. मी बहिणीच्या बाळंतपणासाठी नागपुरात. सरांचा फोन आला तेव्हा मला रडूच यायचं राहिलं.

"सर, मी उद्या निघते."

"कायले? कागद आहे ना."

"पण सर, कागद वाचणार कोण?"

त्यांनी फोन ठेवून दिला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघंही धावत त्यांच्या घरी. दारातूनच आवाज ऐकू आला, पण मशीनचा नाही. सर खुर्चीत, शेजारी शांताकाकू, हातात पेपर, आणि त्या बातमी वाचत होत्या.

"नाहीच झालं का, सर?" ईश्वरचा चेहरा उतरला.

"झालं ना. फर्स्ट क्लास!" सरांनी एक बटण दाबलं. मशीन खणखणीत बोललं.

काकू सांगायला लागल्या. मराठी त्या वाचत होत्याच. इंग्रजीची अक्षरं ओळखू येतात, शब्द येत नाहीत. म्हणून एकेक अक्षर सांगत गेल्या, सर टाईप करत गेले. "बारीक आडवी रेघ म्हटलं का म्हणेत, 'एक का दोन?' मी म्हटलं, एकच. मंग म्हणेत, 'रेघेआधी जागा आहे का?' जागेवरून लय भांडलो बाप्पा आमी. आधीच्या पोळ्या थंड, नंतरच्या जळल्या!"

"मग आता मशीन चालते, तर पेपर तुम्ही काहून वाचून राहिल्या, काकू?" प्रज्ञानं विचारलं.

"हे म्हणतेत, मशीन बातमी वाचते, पण मधात थांबून पुढाऱ्याले शिव्या देत नाही."

सर हसले. मग एकदम मास्तर झाले. "कागदात चूक आहे. एक गोष्ट लिहाची राहिली होती. मी दुरुस्त केला, माझ्या हातानं टाईप करून. तपासा. नियमानं."

त्यांनी चाचपत तांब्या उचलला, घोट घेतला आणि गाल फुगवून बसले. ईश्वरनं प्रिंटरमधला कागद घेतला. 'आधी लागणाऱ्या गोष्टी.' इंटरनेटच्याही वर, सगळ्यात पहिली, एक नवी ओळ होती. ईश्वरनं ती मोठ्यानं वाचली.

"'शांता. आवृत्ती जुनीच पाहिजे. नवी चालत नाही.'"

काकूंनी पेपर खाली ठेवला. "अवो, हे काय लिहिलं तुमी?"

सर काहीच बोलले नाहीत. त्यांच्या तोंडात पाणी होतं.