सुरीकाकूंच्या आयरिसचा रंग

रोपवाटिकेत त्यांना सगळे सुरीकाकू म्हणत, कारण लहान वाकडी सुरी कायम कमरेला. फुलांचा हंगाम सरला की त्या आयरिसचे गड्डे उपसत, तलवारीसारखी पानं वीतभर ठेवून छाटत आणि आल्यासारखा तो गड्डा सांध्यावर कापत. एकदा फुललेला गड्डा पुन्हा फुलत नाही. त्याच्या कुशीतल्या पिल्लांनाच पुढे फूल येतं. जुना गड्डा काकू न बघता खड्ड्यात भिरकावत.

घरी मात्र एकवीस वर्षं मुकाट मार खाणं चाललं होतं. नवरा ट्रकवर होता. घरी आला की भांडं, पट्टा, हाताला येईल ते. एकदा त्याने काकूंचा डावा हात दारात चेमटवला, तेव्हापासून दोन बोटं वळत नव्हती. "पडले," असं काकू सांगत. लोक काही आंधळे नव्हते, पण कोणाला नसती उठाठेव हवी होती!

काकूंचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं. घरामागच्या वाफ्यात, त्यांनीच एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावून धरलेल्या बियांतून जगलेलं एक रोप. बियांचं आयरिस आईबापावर जाईलच असं नाही. रंग फुलल्यावरच कळायचा. खोल पुरलं तर फुलत नाही, म्हणून गड्ड्याची पाठ उन्हात उघडी ठेवून त्यांनी ते तीन वर्षं जपलं. चौथ्या वर्षी बारीकसा दांडा आला, त्याला कळी एकच.

ती उमलायच्या सकाळी काकू चहा टाकायला विसरल्या. नवऱ्याने केसांना धरून त्यांना वाफ्यात ओढलं, तोंड मातीत दाबलं.

"या गवतापायी मी उपाशी राहू?" म्हणाला, आणि फुटती कळी ओरबाडून मुठीत चिरडली.

काकू उठल्या. नाकातून रक्त गळत होतं.

"मूठ उघड."

"काय म्हणालीस?"

"रंग बघायचाय मला. मूठ उघड."

तो हसला आणि दुसऱ्या हाताने त्यांचा गळा धरला. काकूंनी सुरी काढून त्याच्या मुठीवर ओढली, सांधा बघून. तो ढोरासारखा ओरडला. मूठ उघडली. आत नुसतं रक्त. वरच्या तीन उभ्या पाकळ्या कुठल्या, खालच्या तीन लोंबत्या कुठल्या, त्यांच्यावरची केसाळ पट्टी, म्हणजे दाढी, कसल्या रंगाची, काही कळेना. काकूंना रडू फुटलं ते रागाने, की रंग आपल्याच सुरीने घालवला.

नवरा हाताला फडकं गुंडाळून बहिणीकडे गेला. आठवड्याने फाटकाशी आला, तेव्हा काकू पायरीवर बसून सुरीला धार लावत होत्या. तो आल्या पावली परत फिरला.

पुढच्या वर्षी पिल्लं फुलली. काकू चूळही न भरता वाफ्याशी जाऊन बसल्या. वरच्या पाकळ्या मळकट पिवळ्या, खालच्याही मळकट पिवळ्या, दाढी विरळ. असली चाळीस रोपं रोपवाटिकेत त्या दरसाल फेकत. काकू आधी हसल्या, मग ढसाढसा रडल्या. मग त्यांनी ते अख्खं रोप उपसून खड्ड्यात टाकलं. त्याला एक मिनिट लागलं. नवऱ्याला टाकायला एकवीस वर्षं लागली होती.