लाल ठिपक्याची चावी

"आधी सेल बघा, मग गाडीला शिव्या द्या."

चावीवाल्या काकांचं हे वाक्य त्या रस्त्यावर सगळ्यांना पाठ होतं. कुणी घामाघूम होऊन यायचं, गाडी उघडत नाही, आता काचच फोडतो म्हणायचं. काका त्याला स्टुलावर बसवायचे, हातातला रिमोट घ्यायचे, फटीत पातळ पातं घालून त्याची दोन शकलं उघडायचे आणि आतल्या बटणाएवढ्या सेलला मीटरच्या सुया लावायचे. दहातल्या सात वेळा सेलच संपलेला असायचा. उरलेल्या तीन वेळा बटणाखालचं रबर झिजलेलं, नाहीतर खिशातून पडून आतला टाका सुटलेला, नाहीतर चावी पँटीबरोबर धुऊन, पिळून, उन्हात वाळवून आणलेली. अशा धुतलेल्या चाव्या आल्या की काका पलीकडे हाक मारायचे, "ताई, हिला इस्त्री करून देता का?"

पलीकडे म्हणजे प्लायवूडच्या फळीपलीकडे. एकाच गाळ्याचे दोन भाग करून अर्ध्यात काका बसायचे आणि अर्ध्यात शिवणवाल्या ताई. फळी छातीएवढीच होती. तेवीस वर्षं ताईंनी मशीन चालवता चालवता काकांचं दुकान पाहिलं आणि ऐकलं. त्यामुळे ही हकीकत त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही.

काकांचा एक नियम होता. चावी मालकाची. कागद बघितल्याशिवाय ते चावी करायचे नाहीत. एकदा एक गडी भावाच्या गाडीची चावी करून मागायला आला. काका म्हणाले, "भावाला घेऊन ये."

"भाऊ बोलत नाही माझ्याशी."

"मग त्याची गाडी बोलेल होय रे?"

आणि जुनी चावी रद्द केली, की ती बाकाच्या टोकाला बसवलेल्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून मालकाच्या डोळ्यांदेखत करवतीनं कापायची आणि दोन्ही तुकडे त्याच्याच हातात ठेवायचे. लोक म्हणायचे, राहू द्या हो, पोरांना खेळायला होईल. काका ऐकायचे नाहीत. करवत चालायची आणि पितळी-लोखंडी भुगा त्यांच्या बोटांवर बसायचा. हा नियम त्यांना कुणी घालून दिलेला नव्हता. त्यांनीच घालून घेतला होता आणि त्याचा त्यांना ताठा होता.

काकांना एकच लेक. रक्त तपासायच्या ठिकाणी ती कामाला होती. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे दिली होती, पण रोज सकाळी कामावर जाताना बापाचा डबा द्यायला यायचीच. स्वतःच्या कमाईनं घेतलेली छोटी निळी गाडी ती समोर, पोस्टाच्या भिंतीला लावायची. डबा ठेवायची, ताईंच्या मशीनवर पडलेलं कापड उचलून अंगाला लावून बघायची आणि बापाची फिरकी घ्यायची.

"ताई, बाबांचा चेहरा बघा कसा उतरलाय. यांचा सेल बदलायला झालाय."

"तुझी आई तर," काका म्हणायचे, "सेल न बघताच शिव्या द्यायची."

जाताना ती मागे वळायची नाही. रस्ता ओलांडता ओलांडताच हात उंच करून चावीचं बटण दाबायची आणि गाडीचे दिवे दोनदा लुकलुकायचे. तोच तिचा निरोप. काका मान खाली घालून कामाला लागायचे, पण ते दिवे पाहिल्याशिवाय नाही, हे ताईंनी कधीच ओळखलं होतं.

एके दिवशी तिनं गाडीची दुसरी चावी आणून बापापुढे टाकली. दोन्ही चाव्या सारख्याच, म्हणून तिनं हिच्यावर नखाला लावायच्या रंगाचा लाल ठिपका दिला होता. "बाबा, हिचं उघडायचं बटण दबत नाही. जगाच्या चाव्या करता, एवढं माझं बघा."

"उद्या बघतो," काका म्हणाले.

उद्या दुसऱ्या कुणाची तरी चावी यायची. परवाही यायची. लेक अधूनमधून ड्रॉवर उघडून बघायची, चावी तशीच पडलेली. ती हसायची, ड्रॉवर लावायची. आठ महिने चावी त्या ड्रॉवरमध्ये राहिली.

नंतर तिला ताप आला. आधी साधा वाटला, मग साधा राहिला नाही. दवाखान्यात अकराव्या दिवशी काका उशाशी बसले होते. तिला बोलवत नव्हतं, तरी ओठ हलले म्हणून त्यांनी कान जवळ नेला. ती म्हणाली, "बाबा, आधी सेल बघा." आणि हसायला गेली. काका हसले नाहीत. त्यांना वाटलं, उद्या हसू.

तो उद्या उगवला तेव्हा ती नव्हती.

महिनाभरानं काकांनी दुकान उघडलं. पहिल्या दिवशी कुणाचंच काम घेतलं नाही. ड्रॉवरमधून लाल ठिपक्याची चावी काढली, उघडली, झिजलेलं रबर काढून नवं बसवलं, सेल बदलला, कापसानं आतली धूळ टिपली. पंधरा मिनिटांचं काम. फळीवरून ताई बघत होत्या. काकांनी बटण दाबलं. ते छान दबलं. समोर पोस्टाची भिंत रिकामी होती.

जावई भला माणूस, पण त्या गाडीत बसला की त्याला स्टिअरिंग दिसेनासं व्हायचं. त्यानं ती दलालाला विकली. दुसरी चावी मागितल्यावर हरवली म्हणाला, कारण ती कुठे आहे हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

वर्ष उलटलं. एका सकाळी निळी गाडी येऊन पुन्हा त्याच भिंतीला उभी राहिली. पोस्टात नव्यानं बदलून आलेल्या बाईंनी ती दलालाकडून घेतली होती. काकांच्या हातातली कानस थांबली. मागच्या दाराला त्यांच्याच हातचा पोचा होता, दुसऱ्या गाडीची चूक होण्याचं कारण नव्हतं. त्यांनी खिशात हात घातला, लाल ठिपक्याची चावी वर्षभर तिथेच असायची, आणि अंगठ्यानं दाबलं. दिवे दोनदा लुकलुकले.

ताईंनी मशीनचं चाक हातानं धरून थांबवलं. काकांनी लगेच दुसरं बटण दाबून गाडी पुन्हा बंद केली आणि खाली वाकून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिले. बराच वेळ शोधत राहिले.

चावी त्याच दिवशी रस्ता ओलांडून देऊन यायला हवी होती. हे काकांना कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या बाबतीत त्यांनी एक तासही थांबू दिलं नसतं. ताई एकदा म्हणाल्याही, "काका, त्या बाईंची वस्तू आहे ती."

"उद्या देतो," काका म्हणाले.

मग रोज सकाळी, डब्याच्या वेळेला, एकदा उघडायचं बटण आणि लगेच बंद करायचं. तेवढंच. बाकी दिवसभर ते कुणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते. ताईंनी पुन्हा विषय काढला नाही. मनातून त्याही त्या वेळेला मान वर करायला लागल्या होत्या.

एका सकाळी दिवे लुकलुकले आणि त्याच क्षणी एक माणूस अर्धी तुटलेली चावी घेऊन धावत आत आला. उरलेली अर्धी कुलपात अडकलेली, बायको घरात कोंडलेली. काका हत्यारं घेऊन त्याच्याबरोबर पळाले. गाडी उघडीच राहिली.

दोन दिवसांनी पोस्टातल्या बाई दुकानात आल्या. "काका, माझ्या गाडीला भूत लागलंय. आपोआप उघडते. परवा सीटवरची पिशवी गेली. आईचा नवा चष्मा होता हो त्यात. आता दुसरा होईपर्यंत ती भिंतीला धरून चालतेय."

काकांनी त्यांचा रिमोट हातात घेतला. "आधी सेल बघू," म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. सेल चांगला होता, तरी त्यांनी बदलला. "गाडी लावल्यावर दार ओढून बघत जा," एवढं सांगितलं. बाई गेल्यावर ताईंनी फळीवरून पाहिलं, तर काका मीटरच्या सुया एकमेकींना लावून नुसते बसले होते.

त्यानंतर अठरा दिवस दिवे लुकलुकले नाहीत. एकोणिसाव्या दिवशी लेकीचा वाढदिवस होता. सकाळी काका कामाला बसले, उठले, पुन्हा बसले. हात खिशात गेला. एकदाच दाबलं, लगेच बंद केलं.

पण त्या वेळी पोस्टाच्या खिडकीत बाई उभ्या होत्या आणि त्यांची चावी समोर टेबलावर होती.

अर्ध्या तासात त्या कागदपत्रं घेऊन दारात हजर. या वेळी भुताचं नाव नव्हतं. "कुणाकडे तरी दुसरी चावी आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. जेवढ्या जुन्या असतील तेवढ्या मारून टाका, माझी एकटीची चालली पाहिजे. मला गाडीत बसताना मागे कुणी आहे का बघावं लागतं, काका."

ताई फळीपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कंपनीच्या दुकानात पाठवा ना यांना. चाव्या नोंदायचं मशीन बिघडलंय म्हणा."

"मशीन चांगलं आहे, ताई," काका म्हणाले.

त्यांनी कागद बघितले. नाव, नंबर, सगळं नीट वाचलं. आधीच्या मालकाच्या रकान्यावर त्यांचं बोट जरा थांबलं, मग पुढे सरकलं. तिघंही गाडीपाशी गेली. ताईंना जायचं काही कारण नव्हतं, तरी गेल्या, सुई ओठांत तशीच. काकांनी स्टिअरिंगच्या खाली मशीनची वायर जोडली. पडद्यावर अक्षरं आली: नोंदलेल्या चाव्या दोन.

"बघा," बाई म्हणाल्या, "दोन. ती दुसरी कुणाकडे आहे, ते कळतं का यात?"

"यात नाही कळत," काका म्हणाले. खिशातून चावी काढून त्यांनी सीटवर ठेवली. "माझ्याकडे आहे."

बाईंनी चावीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही? आणि मी तुमच्याकडेच आले विचारायला."

"चष्मा माझ्यामुळे गेला. चोरी मी केली नाही, पण दार माझ्यामुळे उघडं राहिलं."

"आणखी किती करून ठेवल्यात अशा?"

"एकही नाही."

"हे मी कशावरून मानू?"

"मानू नका," काका म्हणाले. "पुसूनच टाकू. मग मानायचा प्रश्न नाही."

ताईंनी सुई ओठांतून काढली आणि तोंड उघडलं. काकांनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. तेवीस वर्षांत त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. ताईंनी तोंड मिटलं.

मशीननं विचारलं, जुन्या सर्व चाव्या पुसायच्या का. खाली 'हो' आणि 'नाही'. ज्या अंगठ्यानं रोज सकाळी दाबायचे त्यानंच त्यांनी 'हो' दाबलं. मग बाईंची चावी लावून तिची नव्यानं नोंद केली. पडद्यावर आलं: एक.

"आता ही दाबून बघा," म्हणून त्यांनी लाल ठिपक्याची चावी बाईंच्या हातात दिली. बाईंनी दाबली. पुन्हा जोरात दाबली. गाडी ढिम्म. "हा लाल ठिपका कसला?"

"खूण आहे."

"कसली?"

"दोन्हींतली कुठली ते ओळखायला."

दुकानात येऊन काकांनी चावी शेगड्यात आवळली. आता बाईच म्हणाल्या, "मेली ना ती? मग कशाला कापता?"

"नियम आहे."

करवत चालली. एरवी अशी चावी कापायला त्यांना दोन मिनिटं लागायची. त्या दिवशी पातं तीनदा सरकलं आणि तिन्ही वेळा त्यांनी ते पुन्हा खाचेत आणलं. ताईंनी मशीन सुरू केलं, खाली कापड नव्हतं, नुसतं चालवलं, त्या आवाजात दुसरा आवाज बुडावा म्हणून. तुकडे पडले. काकांनी ते फडक्यानं पुसून बाईंच्या तळहातावर ठेवले. लाल ठिपका अखंड राहिला होता.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, काका," बाई म्हणाल्या. रागानं नाही. पर्सच्या लहान कप्प्यात तुकडे टाकले आणि गेल्या.

"एक शब्द बोलला असतात," ताई म्हणाल्या, "तर त्या बाईंनी चावी स्वतः आणून दिली असती तुम्हाला."

"म्हणूनच नाही बोललो." काका बोटांवरचा भुगा झटकत होते. "तिची आई भिंतीला धरून चालत होती, ताई. माझ्या लेकीचं नाव त्यात कशाला आणू."

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. ऊन अजून रस्त्यावर होतं. डब्याची रिकामी पिशवी हाताला अडकवून ते पायरी उतरले. निळी गाडी भिंतीला उभीच होती. तिच्या जवळून जाताना ते थांबले नाहीत, वळूनही बघितलं नाही. फक्त त्यांचा उजवा हात रिकाम्या खिशात होता, आणि सदऱ्याच्या कापडाआडून अंगठा हललेला ताईंना दिसला. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा एकदा.

गाडीचे दिवे तसेच राहिले. काका कोपऱ्यावरून वळले, आणि ताई हातातला दोरा न ओवता, ते वळले तिथे बघत उभ्या राहिल्या.