आमच्या केळीतला परग्रह

केळीला मुनवे फुटतात तसे हे किस्से. एक कापावा तर बुडाला दोन उगवलेले. अर्धापूरच्या आमच्या मळ्यात नातीनं, शीतलनं, आठ दिवस सिनेमा काढला. तेव्हापासून मला कुणी 'बरं हाय का' विचारत न्हाई. 'आजी, ग्रहावरचं सांगा' म्हणतात. कोणतं कोणतं सांगू?

शीतल नांदेडला सिनेमाचं शिकते. शेवटच्या परीक्षेला सिनेमा करून द्यायचा होता, अन् हिच्या डोक्यात परग्रह. तिचा बाप, म्हणजे माझा दिगंबर, म्हणाला, "आठ दिवसांनी व्यापारी केळी कापायला येणार. त्याच्या आत आटप. नवव्या दिवशी उदगीरचे पाहुणे तुला बघायला येऊन राहिलेत. त्यांनी हो म्हटलं की शिक्षण बस."

पोरीला पुढं पुण्याला शिकायला जायचं होतं. सांगून झालं, रडून झालं. मग ती कॅमेरा पुसत बसली.

*

त्या ग्रहावरची माणसं पिवळी. रंग कशाला विकत आणायचा, घरात हळदीचं पोतं होतं. तण निंदायला येणाऱ्या पाच बाया नखशिखांत माखून बांधावर उभ्या राहिल्या. रस्त्यानं जाणारा एकजण गाडी थांबवून विचारतो, "लगीन कुणाचं हाय?"

आमची गंगाबाई म्हणाली, "सगळ्यांचंच. जेवूनच जा."

मग माझी पाळी आली. मी ग्रहाची आई होते. शीतल वाटी घेऊन पुढं आली. हे जाऊन नऊ वर्षं झालीत. माझ्या अंगाला हळद कोण लावणार?

गंगाबाई हळूच म्हणाली, "शीतल, आजीला कसं चालंल?"

"त्या ग्रहावर असलं काही नसतं मावशी."

मी पाय लांब करून बसले. "मग पुरती लाव. कानामागं पण लाव."

*

पृथ्वीवरून येणारा माणूस म्हणजे तिच्या वर्गातला औशाचा फारुक. गुणाचं पोर. खताच्या पांढऱ्या पोत्यांचा अंगरखा, डोक्यात मोटारसायकलचं हेल्मेट, अन् पाठीवर आमचा फवारणीचा पंप. श्वास घ्यायची टाकी म्हणून. असा तो केळीतून हळूहळू चालत होता, तर शेजारचे माधवराव बांधावरून ओरडले, "काय मारून राहिला रे?"

"ऑक्सिजन हाय, चाचा."

माधवराव म्हणाले, "पानावरच्या करप्याला चालतो का?"

*

शीतल म्हणाली, आभाळात दोन चंद्र दाखवायचेत, ते मी कॉम्प्युटरवर टाकीन. गंगाबाईचं खुरपं थांबलं.

"मग संकष्टी कोणता चंद्र बघून सोडायची?"

शीतलनं डोकं खाजवलं. "दोन्ही उगवल्यावर."

"अन् दुसरा उशिरा उगवला तर? नको बाई तुझा ग्रह. इथंच जीव जातो एकाची वाट बघून."

*

केळीच्या घडांना आम्ही निळ्या पिशव्या घालतो. शीतलनं त्यांच्यात बारक्या बॅटऱ्या लावल्या. दिवेलागणीला सगळ्या एकदम पेटवल्या, तर निळे निळे जीव उलटे टांगून झोपलेत असं वाटलं. चाळीस वर्षं ही बाग बघते मी, पण त्या दिवशी आत पाय टाकायला भ्याले.

दिगंबर पण आला होता. लई वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "पिशव्या फाडू नका," अन् गेला.

*

आता शेवटचा दिवस. बाया सारख्या कॅमेऱ्याकडं बघून हसायच्या, म्हणून शीतलनं नेम घालून दिला होता. पाण्याच्या दंडावरून जो येईल तो पृथ्वीवरचा माणूस. केळीला टेकू द्यायचे बांबू भाल्यासारखे धरून त्याला घेरायचं. ती 'बस' म्हणेपर्यंत थांबायचं न्हाई. माझं काम सोपं होतं. येणाऱ्याला पाण्याचा तांब्या द्यायचा अन् दोन वाक्यं म्हणायची.

फारुक तिकडं हेल्मेट घालत होता. तेवढ्यात दंडावरून माणूस आला. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. उदगीरचे पाहुणे, पोराचा बाप, एक दिवस आधीच आले होते. घरी कुणी सापडलं न्हाई, म्हणून गाडी बांधावर लावून मळ्यात आले.

पाच पिवळ्या बाया बांबू घेऊन केळीतून निघाल्या. पाहुणे जागच्या जागी खिळले. मी तांब्या पुढं केला. बिचारे गटागटा पाणी प्याले.

मी पहिलं वाक्य म्हटलं. "काय न्यायला आलास?"

होणाऱ्या व्याह्याला अरे-तुरे. ते पेढ्यांचा पुडा पुढं करून म्हणाले, "मुलगी... मुलगी बघायला आलो जी."

मी शीतलकडं बघितलं. तिचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. 'बस' काही म्हणेना.

मग मी दुसरं वाक्य म्हटलं. "इथलं काही नेता येत न्हाई. आल्या वाटेनं जा."

पाहुणे उलट्या पावलांनी दंडापर्यंत गेले अन् तिथून पळाले. बांधावरची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा शीतल म्हणाली, "बस."

संध्याकाळी उदगीरचा फोन आला. दिगंबरनं तो ठेवला अन् माझ्यापुढं येऊन बसला. मी न्हाणीपाशी अंग घासत होते. हळद काही निघेना.

"ते म्हणतात, तुमच्या आईनंच न्हाई म्हणून सांगितलं. आई, तुला फेटा दिसला न्हाई? पेढे दिसले न्हाईत?"

"डोळ्यांत हळद गेली होती," म्हणले मी.